भिंतीवरचे चौरस

आज हॉलमध्ये योझेफ आल्बर्स लागला! म्हणजे या जर्मन-अमेरिकन चित्रकाराच्या ‘होमेज टू द स्क्वेअर’ मालिकेतल्या एका पिवळ्या चित्राची, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकखाली बसवलेली अ‍ॅक्रिलिक प्रिंट. मूळ चित्र आमच्या सात पिढ्यांना परवडणार नाही.

१९५० पासून १९७६ साली जाईपर्यंत हा माणूस चौरसात चौरस रंगवत राहिला. बहुतेकदा हार्डबोर्डच्या खरखरीत बाजूवर, ट्यूबमधला रंग थेट सुरीने पसरून. आतले चौरस मुद्दाम खाली सरकवलेले: खालची पट्टी १ भाग, बाजूच्या २, वरची ३. आईने बघताक्षणी विचारलं, “खाली घसरलंय का रे?”

अ‍ॅक्रिलिकखाली रंग झकास खुलतात, पण ती खरखर गेलीच. शिवाय चकाकी इतकी, की समोरची ट्यूबलाइट पिवळ्यात लख्ख दिसते. पुढच्या वेळी मॅट.

बाबा खूश आहेत. त्यांनी त्यात बघून भांग पाडला.