1.12 मोठा की 1.74?

बेसबॉलचा हंगाम संपल्यावर पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, ईआरएनुसार जी यादी लागते, ती वाचताना पहिल्या नावाइतकेच लक्ष त्या वर्षाकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे. पिचरच्या हिशेबात धरलेल्या धावांना 9 ने गुणून त्याने टाकलेल्या इनिंगच्या संख्येने भागले की ईआरए, म्हणजे नऊ इनिंगच्या सामन्यामागे दिलेल्या धावांची सरासरी, मिळतो; इनिंग म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचे तीन फलंदाज बाद होईपर्यंतची खेळी. तो जितका कमी तितका पिचर सरस, आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत.

1968 साली सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनचा ईआरए 1.12 होता. त्याने 304 हून अधिक इनिंग टाकल्या आणि 13 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव काढू दिली नाही. तरीही तो 9 सामने हरला, हे वाचून आजही मला हळहळ वाटते. मात्र ते वर्षच पिचरांचे होते. नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीग मिळून सात पिचरांचा ईआरए 2 च्या आत होता, तर अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की .301 एवढ्या कमी सरासरीवर फलंदाजांत पहिला आला. पुढच्याच वर्षी पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, त्याची उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली गेली आणि स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध मोजला जातो ती, हीही आक्रसली.

याउलट 2000 साली अमेरिकन लीगचा एकूण ईआरए 4.91 असताना बोस्टनच्या पेद्रो मार्टिनेझने 1.74 राखला, आणि यादीत दुसऱ्या आलेल्या रॉजर क्लेमेन्सचा आकडा 3.70 होता. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांत जवळजवळ दोन धावांचे अंतर! गिब्सन आपल्या लीगच्या 2.99 पेक्षा 1.87 ने खाली होता, पेद्रो 3.17 ने. आमच्या मराठवाड्यात एकरी किती ज्वारी झाली हे ऐकल्यावर जाणता शेतकरी आधी त्या साली पाऊस किती झाला ते विचारतो. त्याच न्यायाने मी पेद्रोचा हंगाम गिब्सनच्या वर ठेवतो.

यादीत येण्यासाठी संघाच्या दर सामन्यामागे एक, म्हणजे 162 सामन्यांच्या हंगामात 162 इनिंग टाकाव्या लागतात. 2024 मध्ये पॉल स्कीन्सचा ईआरए 1.96 होता, पण त्याच्या इनिंग 133 च भरल्याने नॅशनल लीगमध्ये पहिला मान 2.38 वाल्या ख्रिस सेलला मिळाला. हा नियम मला योग्य वाटतो, कारण शेवटच्या महिन्यात थकलेल्या हातानेही तोच आकडा टिकवणे हीच खरी कसोटी आहे. पुढच्या वर्षी स्कीन्सने 1.97 वर तो मान मिळवलाच.

परभणीत शालेय सॉफ्टबॉलचे सामने पाहताना मी मुलींचे ईआरए काढतो. तेथे सामना सात इनिंगचा असल्याने 9 ऐवजी 7 ने गुणावे लागते. अडचण येते ती गुणपत्रकाची, कारण पुष्कळदा त्यात केवळ धावा लिहिलेल्या असतात आणि कोणत्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला याची नोंदच नसते, त्यामुळे चांगली पिचर विनाकारण खाली जाते. सामन्यांचे गुणलेखन करणाऱ्या आपल्या भागातील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की क्षेत्ररक्षणातील चुकांसाठी त्यांनी वेगळा रकाना आखावा.