टॉवर कपांचा आणि शिक्का आवकचा

परवा भाची कॉलेजच्या दोन दिवसांच्या नेतृत्व विकास शिबिराहून आली. मी विचारलं काय शिकवलं गं, तर म्हणे मामा, पेपर कपचा टॉवर बांधायला लावला, ज्या ग्रुपचा उंच तो जिंकला, मग एका सरांनी पीपीटी दाखवली आणि जेवायला पुलाव होता. सर्टिफिकेट पण मिळालं, त्यावर नाव चुकलंय ते सोडा.

हसू आलं, कारण मी स्वतः 2003 ला असाच बिनकामाचा सीआर होतो. तेव्हा 1994 चा विद्यापीठ कायदा होता, निवडणूक बंद, मागच्या वर्षी ज्याला जास्त मार्क तो वर्गाचा प्रतिनिधी. मला मत कुणी दिलंच नव्हतं त्यामुळे मला कुणी विचारायचं पण नाही, आणि एकदा पोरींनी पाठवलं की त्यांच्या टॉयलेटला पाणी नाही ते सांगून ये, तर प्राचार्यांसमोर जाऊन मी "सर, सगळं बरं चाललंय" म्हणून परत आलो. अजून आठवलं की लाज वाटते.

निवडणुका उगाच बंद नव्हत्या झाल्या, हे पण खरं. 1989 ला मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आमचे काका पण जीपा आणि हॉकी स्टिकच्या गोष्टी सांगतात. पण म्हणून तर कॉलेज निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने नियम घातले ना, उमेदवाराचा खर्च 5000 च्या आत, छापील पोस्टर नाही, हाताने बनवलेलंच, हजेरी 75 टक्के. सुप्रीम कोर्टाने ते 2006 लाच लागू केले. आपल्याकडे महाराष्ट्रात 2016 च्या नव्या विद्यापीठ कायद्यात अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी असं सगळं थेट मतदानाने लिहिलंय, पण 2019 ला होणार होणार म्हणून गाजलं, तेवढ्यात विधानसभा आली, मग कोरोना, आणि गाडी तिथंच. ज्या पोराला अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो त्याला कॉलेजचा सचिव का नाही निवडता येत, हे मला अजून कळलेलं नाही.

भाचीची अडचण वेगळीच आहे. नाशिकमध्ये सातपूरहून गंगापूर रोडला यायचं, सिटीलिंकची म्हणजे शहर बससेवेची बस लेक्चरच्या वेळेला जुळत नाही. मी म्हटलं अर्ज लिही, वर्गात फिरून सह्या घे, दोन प्रती काढ, एक ऑफिसला दे आणि दुसरीवर आवकचा म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. तीन दिवस फिरली पोरगी. एका ग्रुपने सही दिली नाही, म्हणे तू आमच्या वाढदिवसाला आली नव्हतीस! तिला त्यांच्याकडे परत जावं लागलं, वडापाव खिलवावा लागला, मग 63 सह्या झाल्या.

काल संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, शिक्का मारलेल्या प्रतीचा. क्लार्कने तारीख आदल्या दिवसाची टाकलीय. उद्या परत जाते म्हणाली.