पाते हलायचे थांबले: पिव्हटच्या नळीतले ०.०७ मिलिमीटर

मंडळी, खुळखुळ गेली! टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे जोर लावतोय, पाते जागचे हलत नाही. रोज खिशात ठेवायच्या घडीच्या चाकूसाठी तीन उमेदवारांतून निवड चालली आहे. गेल्या वेळी लिहिले होते की त्यातला डी२ पोलादाचा लायनर लॉकवाला चाकू (मुठीच्या आतली धातूची पट्टी, म्हणजे लायनर, उघडे पाते अडवते तो) बाद होण्याच्या बेतात आहे. आज तो पुन्हा पहिल्या नंबरावर आलाय.

लक्षण आठवत असेल. पिव्हटचा, म्हणजे पाते ज्या आसाभोवती फिरते त्याचा, स्क्रू टी८ (ताऱ्याच्या आकाराचा) बिट पुढे सरकेना इतका आवळला, तरी टोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. विकणाऱ्याचे उत्तर एकच, "अजून आवळा." तुमच्यापैकी काहींनी वॉशर झिजल्याचे सुचवले, काहींनी लायनर वाकल्याचे. वॉशर काढून काचेवर ठेवले, सपाट निघाले. लायनरच्या भोकाभोवती बर (धातूची उठलेली खरबरीत कड) नव्हती. मग जे डोळ्यांसमोर होते त्याकडे लक्ष गेले: स्क्रू पूर्ण आवळलेला असतानाही लॉक सोडला की पाते आपल्या वजनाने खाली पडत होते. एवढ्या आवळणीत ते जाम व्हायला हवे. म्हणजे स्क्रूचा दाब पात्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

डिजिटल व्हर्नियर इथे उपयोगाचा नाही, मिलिमीटरच्या शंभरातल्या दोनतीन भागांची चूक त्याच्यात सहज असते. मायक्रोमीटर घ्याच, जुना चालेल. मापे अशी आली: लायनर १.२०, वॉशर ०.१५, टँग (पात्याचा मुठीतला बुंधा) ३.४८, पुन्हा वॉशर ०.१५, पुन्हा लायनर १.२०. बेरीज ६.१८ मिमी. आणि या सगळ्यांतून आरपार जाणारी पिव्हटची नळी ६.२५! स्क्रूचे डोके लायनरवर टेकण्याआधी नळीच्या तोंडावर टेकत होते. कितीही आवळा, आत ०.०७ ची फट कायम. वॉशरचा व्यास १० मिमी आणि पाते ८३ मिमी, म्हणजे ती फट टोकाशी आठपट होते. तोच आपला अर्धा मिलिमीटर. हा हिशेब जुळला तेव्हा जो आनंद झाला, तो नवीन चाकू हातात आल्यावरही होत नाही.

आता नळी आखूड करायची, पण तोंड काटकोनात ठेवून. कानशीने हे जमत नाही, किंचित तिरके झाले तरी स्क्रू एका बाजूला दाबतो. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या टर्नरभाईंकडे (लेथवाल्यांकडे) गेलो. "फेस तो करी आपुं, पण पकडुं शेमां?" तोंड सपाट करून देतो, पण एवढीशी नळी लेथच्या चकमध्ये धरायची कशी, हा प्रश्न रास्त होता. त्यांनीच तोड काढली. ६ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याला नळीच्या मापाचे भोक पाडून रीमर मारून दिला. नळी त्यात घातली की ०.२५ बाहेर राहते आणि सरळ उभी राहते. खिडकीची काच, त्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी, आणि इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू घासणे. मधून मधून मायक्रोमीटर. ६.१५ ला थांबलो, म्हणजे आवळायला ०.०३ ची जागा मिळाली.

यातून एक नवे काम निघते. आधी स्क्रू नळीवर अडून घट्ट बसायचा, आता तो अधल्यामधल्या जागी थांबवायचा असल्याने उघडझाप करताना आपोआप ढिला होतो. अॅसिटोनने आटे पुसून लॉकटाइट २४३ चा (आटे घट्ट धरणाऱ्या गोंदाचा) टाचणीच्या टोकाएवढा थेंब स्क्रूच्या आट्यांना, नळीच्या आत नाही, नाहीतर तो ओघळून वॉशरपर्यंत जातो. चोवीस तास हात लावायचा नाही.

निकाल: लॉक टँगच्या साधारण एकतृतीयांश जाडीवर बसतो. मूठ धरून पात्याच्या पाठीवर अंगठ्याने जोर दिला तरी वरखाली हालचाल नाही. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्यात लॉकची पारख होण्याऐवजी टँगच्या कडेची नासाडीच होते.

बाकीचे दोन उमेदवार थोडक्यात. बॅक लॉकवाला (लॉक मुठीच्या पाठीवर असलेला) मजबूत आहे, पण एका हाताने मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येतात. क्रॉसबार लॉक (स्प्रिंगांवरची आडवी दांडी पाते अडवते तो) मला सगळ्यांत आवडतो. बेंचमेड या अमेरिकन चाकू कंपनीने ही रचना १९९८ मध्ये आणली. दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली तरी दुसरी काम करते. तो १४सी२८एन पोलादात मिळाला तर बडोद्याच्या पावसाळ्यासाठी डी२ पेक्षा उजवा. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असते खरे, पण त्यातले बरेचसे कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकते, म्हणून जुलैत खिशातल्या घामानेही डाग पडतात. धार मात्र डी२ ची जास्त टिकते. आमच्या गोदामातल्या खोक्यांच्या प्लास्टिक पट्ट्या कापताना हा फरक रोज जाणवतो. पुसून शिलाई मशीनचे तेल लावा, खोबरेल नको, ते चिकट होते.

थांबा, हे लिहिताना वरची बेरीज पुन्हा पाहिली. वॉशर ०.१५ ऐवजी ०.२० चे टाकले तर थर ६.२८ होतो, म्हणजे मूळच्या ६.२५ च्या नळीवरही तेच ०.०३ मिळतात, काहीही न घासता! मेहुण्याकडे हाच चाकू आहे, त्याच तक्रारीचा. त्याची नळी आता घासणार नाही. ०.२० ची फॉस्फर ब्राँझची शीट आणून वॉशर पंच करून घेतो. मुठीच्या मागच्या बाजूला दोन लायनरमध्ये अंतर राखणाऱ्या स्पेसरची लांबी तीच राहणार असल्याने लायनर पुढच्या बाजूला जरासे फाकतील, त्याने लॉकची बसण्याची जागा सरकते का हे मोजावे लागेल. क्रॉसबारची खरेदी तोवर पुढे ढकलली.

बडोदेकरांसाठी: पोलीस आयुक्तांचा गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा शस्त्रबंदीचा जाहीरनामा लागू असेल तेव्हा चाकू घरीच ठेवा.

तुमच्याकडे हे मॉडेल असेल तर नळी आणि टँग दोन्हींची मापे पाठवा. टँग सगळ्यांची ३.४८ च असेल तर वॉशर एकदमच पंच करून घेऊ.