ह्वाल्सीचे लग्न आणि आमच्या गल्लीतील कुलपे

शिंदखेडा तालुक्यातील आमच्या गावी यंदा अक्षय्य तृतीयेला गेलो, तेव्हा गल्लीतील अकरा घरांपैकी सात घरांना कुलूप होते. ही घरे कोणत्या एका दुष्काळाने रिकामी केलेली नाहीत. आधी मोठा मुलगा सुरतेला कामाला गेला, मग त्याने धाकट्याला बोलावले, दोघांचे संसार तिकडे थाटले गेले आणि शेवटी आईवडीलही भांडीकुंडी व देव घेऊन निघाले. ग्रीनलंडमधील नॉर्स, म्हणजे मूळ स्कँडिनेव्हियातील लोकांच्या, वसाहतीच्या शेवटाविषयी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. ती कशी ओस पडली असेल, हे मला त्या कुलपांसमोर उभे राहिल्यावर अधिक कळले.

इ.स. ९८५च्या सुमारास या वसाहतीचा संस्थापक एरिक द रेड याच्यासोबत आइसलँडहून २५ जहाजे निघाली आणि त्यांपैकी १४च पोहोचली, असे जुनी वृत्ते सांगतात. नैऋत्य किनाऱ्यावर पूर्व व पश्चिम अशा दोन वस्त्या झाल्या. भरभराटीच्या काळातही तेथील लोकसंख्या दोन-अडीच हजारांच्या आसपासच असावी, असा अंदाज आहे.

थंडी वाढली आणि हट्टाने गुरे पाळणारे हे लोक उपाशी मेले, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती मला पटत नाही. त्यांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीत असे दिसते की, पिढ्यानपिढ्या त्यांच्या आहारातील दूध-मांसाचा वाटा घटत गेला आणि सीलसारख्या सागरी अन्नाचा वाटा वाढत गेला. म्हणजे ते बदलत होते. पूर्व वस्तीजवळील एका तळ्याच्या गाळावरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर तापमानात फारशी घट न दाखवता हवामान सतत कोरडे होत गेल्याचे दाखवले. खानदेशातील माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: पाऊस कमी, म्हणून गवत कमी, आणि गवत कमी म्हणजे दीर्घ हिवाळ्यात गोठ्यात बांधलेल्या गाईपुढे टाकायला काही नाही. पूर्व वस्तीतील गार्दर येथे बिशपचे पीठ होते. तेथील गवताच्या कुरणांना पाणी देण्यासाठी काढलेल्या पाटांच्या खुणा सापडल्या आहेत. पांझरा नदीकाठच्या फडांचे, म्हणजे सामाईक पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचे, पाट लहानपणापासून पाहिले असल्यामुळे, त्या पाटांमागचा घोर मला जवळचा वाटतो.

चाऱ्याइतकाच प्रश्न बाजाराचा होता. लोखंड आणि इमारती लाकूड बाहेरून आणायचे, तर त्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे मुख्यतः वॉलरस या सागरी प्राण्याचे सुळे होते, आणि तेही दूर उत्तरेला जाऊन शिकार करून मिळवावे लागत. पुढे युरोपात आफ्रिकेतील हस्तिदंत येऊ लागला. १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेग शिरला आणि जहाजे विरळ झाली. त्याच शतकाच्या मध्यास नॉर्वेहून आलेला धर्मगुरू इव्हार बार्दारसन पश्चिम वस्तीत गेला, तेव्हा त्याला माणूस दिसला नाही, मोकाट गुरे व मेंढ्या मात्र दिसल्या, असे त्याच्या वृत्तांतात आहे.

ओस पडलेल्या अनेक घरांत उत्खननकारांना मौल्यवान वस्तू फारशा मिळाल्या नाहीत. अचानक मरणारा माणूस घर आवरून ठेवत नाही. निघून जाणारा आवरतो. त्यामुळे तरुण मंडळी आधी गेली आणि उरलेल्यांना गाई सांभाळायला, शिकारीची नाव वल्हवायला हात पुरेनात, या अभ्यासकांच्या मताकडे माझा कल आहे.

या वसाहतीची शेवटची लेखी नोंद एका लग्नाची आहे. सप्टेंबर १४०८ मध्ये पूर्व वस्तीतील ह्वाल्सीच्या दगडी चर्चमध्ये थोरस्टाइन ओलाफसन आणि सिग्रिद ब्योर्न्सदोत्तिर यांचा विवाह झाला. वर आइसलँडचा, त्याचे जहाज १४०६ मध्ये भरकटून तेथे लागले होते. गार्दरच्या धर्मगुरूंनी पुढच्या वर्षी दिलेल्या दाखल्यात उपासमारीचा किंवा संकटाचा एक शब्दही नाही. तो दाखला टिकला, कारण १४१० मध्ये ग्रीनलंड सोडल्यानंतर पुढे आइसलँडमध्ये संसार करणाऱ्या या जोडप्याला आपले लग्न रीतसर झाल्याचा पुरावा लागणार होता. जे मागे राहिले, त्यांना असा कागद कोणाला दाखवायचाच नव्हता.