दरवर्षीची नाचणी

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. डिसेंबरचं ऊन आमच्या बेळगावच्या हिंदवाडीतल्या घराच्या व्हरांड्यात जेमतेम दोन तास येतं. ते अंगावर घ्यावं, पेपर तोंडावर ठेवावा आणि डोळा लागावा, एवढाच बेत. तेवढ्यात धाकटा आला, पेपर उचलला आणि म्हणाला, "पप्पा, नाचणी कधी भिजत घालायची?"

"कसली नाचणी?"

"आंटींच्या गोठ्याची. दरवर्षी घालतो की आपण!"

आंटींचा गोठा म्हणजे नाताळात मांडतात तो येशूच्या जन्माचा देखावा. आणि धाकट्याला नुकतंच सहावं लागलंय. त्याचं 'दरवर्षी' म्हणजे गेल्या वर्षी, एकदा. त्याच्या आदल्या नाताळात तो तीन वर्षांचा होता आणि केकवरची चेरी नाकात घालणे एवढंच त्याच्या हातून झालं होतं. पण आवाज असा, की जणू पेशवाईपासून आमच्या घराण्यात मार्गशीर्ष आला की नाचणी भिजते.

खरं तर गेल्या वर्षी झालं ते असं. दिवाळीचा किल्ला मोडायला पोरं दोघंही तयार नव्हती. तुळशीचं लग्न झालं, किल्ल्यावरची मोहरी वाळून पिवळी पडली, बुरूज खचला, मांजराने दरवाजापाशी नको ते केलं, तरी नाही. शेवटी कॅम्पातल्या आंटींकडे गेलो असताना थोरलीने ही तक्रार त्यांच्या कानावर घातली. आंटी म्हणाल्या, "माती टाकू नको गो. मला दे. माझ्या गोठ्याला पाहिजे."

आंटी म्हणजे आमच्या लहानपणच्या शेजारीण. कॅम्पात आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा दोन घरांच्या मध्ये एक जास्वंदीचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणावरून ताटं जायची-यायची. दिवाळीला आमच्याकडून चकल्या, करंज्या, चिवडा. नाताळला त्यांच्याकडून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट, वर क्रोशाचा रुमाल. रुमाल उचलला की आधी वास यायचा, मग दिसायच्या नेवऱ्या, दोदोल, केकचे दोन तुकडे आणि कुलकुलांचा ढीग. नेवरी म्हणजे आमचीच करंजी. आमची करंजी कुंपणापलीकडे जाऊन दीड महिना राहून परत आली, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

रिकामं ताट परत द्यायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम. त्यामुळे नाताळच्या ताटातून कुंदा जायचा. कुंद्याचं ताट परत येताना त्यात आंटींच्या परसातली पपई असायची. मग पपईच्या ताटातून... हे कुठे थांबायचं मला आठवत नाही. बहुतेक थांबलंच नाही.

आमची आज्जी कडक. केकला हात लावायची नाही, अंडं म्हणून. पण कुलकुलांवर तिचा डोळा होता. "त्यात पण असतं काय गं?" असं तिने कुंपणावरून सहज विचारलं, आणि पुढच्या नाताळपासून एका छोट्या डब्यात वेगळी कुलकुलं यायला लागली, नुसत्या नारळाच्या दुधात मळलेली, वेगळ्या तेलात तळलेली. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनने 'आज्जी'. आज्जी ती देवघराच्या फळीवर ठेवायची आणि दुपारी आम्ही झोपलो की एकटीच कुडूम कुडूम खायची. ती गेली त्या वर्षीही डबा आला होता. आईने तो घेतला आणि बराच वेळ उघडला नाही.

कुठून कुठे गेलो. तर गोठा.

आंटींची मुलं आता परदेशात, नातवंडं फोनच्या पडद्यात. गुडघे वाकत नाहीत. गोठा लावायचा म्हणजे जमिनीवर बसायला हवं. म्हणून आमची दोन भाड्याने घेतल्यासारखी त्यांनी वापरायला काढली. त्यांनीच सांगितलं की मोहरी नको, नाचणी पाहिजे. रात्रभर भिजवायची, पसरट ताटलीत मातीचा पातळ थर, वर दाणे दाट पेरायचे, ओलं फडकं झाकायचं, पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतायचं नाही. २४ तारखेच्या दहा-बारा दिवस आधी पेरली की बरोब्बर बोटभर गवत होतं. आमच्या घरात त्या दिवसांत आइस्क्रीमचे रिकामे डबे, करवंट्या, बायकोचा ढोकळ्याचा थाळा, सगळ्यावर नाचणी होती. धाकटा दर अर्ध्या तासाने फडकं उचलून बघायचा. उचलून बघितल्याने उगवत नाही, हे त्याला पटलं नाही. उगवल्यावर तर मुळीच पटलं नाही.

कापसाचं बर्फ मात्र आंटींच्या गोठ्यात नव्हतं, आणि याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. कापसाचं बर्फ मला बघवत नाही. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, थंडी पडते, सकाळी धुक्यात समोरचा खांब दिसत नाही, सगळं मान्य. पण दुकानांच्या काचेत प्लॅस्टिकच्या झाडावर औषधाच्या दुकानातला कापूस पिंजून लावतात, तो बघितला की मला जखम आठवते. बेथलेहेमात खजूर आणि ऑलिव्ह. कापूस कुणी नेला तिथे? असो. बायको म्हणते, तुला विचारलंय कुणी.

गोठ्यातली चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, जुनी, आंटींच्या सासूबाईंच्या वेळची. बाळाला बघायला आलेल्या तीन राजांपैकी एकाचा हात मोडलेला, गाढवाचा कान डिंकाने चिकटवलेला. मेंढपाळ चार होते, त्यातले दोनच उरले. हे कळल्यावर धाकट्याने खिशातून मावळा काढला. किल्ल्यावरचा, लाल पगडी, हातात भाला, पायाखाली हिरवी बैठक. तो त्याने गव्हाणीच्या बाजूला उभा केला. मी हळूच उचलायला गेलो. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात आपलं चित्र ठेवण्यासारखंच ते. आंटींनी माझा हात धरला. "आसूं दी रे. तान्ह्या बाळाला पहारा नको?"

पण बाळ होतंच कुठे? गव्हाणीत नुसतं पिंजर. बाळ २४च्या मध्यरात्रीच ठेवायचं, तोवर ते आंटींच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेलं. धाकट्याला ही गोष्ट फार लागली. बाळ नाही आणि सगळे वाट बघत उभे! त्या आठवड्यात रोज संध्याकाळी त्याला कॅम्पात जायचंच होतं, मावळा झोपला नाही ना, ते बघायला.

हा देखावा पहिल्यांदा मांडला तो असिसीच्या संत फ्रान्सिसने, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावात. चित्रंबित्रं नाहीत. गवताने भरलेली गव्हाण, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव. गावकरी मशाली घेऊन बघायला आले. पुढच्या डिसेंबरात एखाद्या पोराने बापाला उठवून विचारलं असेल का, गाढव कधी आणायचं? दरवर्षी आणतो की आपण.

२३ला कुलकुलं झाली. कणकेची गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची आणि अलगद गुंडाळत आणायची, की शंखासारखी रेघारेघांची वळी होते. काटे दोनच होते, म्हणून आंटींनी एक नवा कोरा कंगवा काढला, फक्त याच कामाचा. कोकणीत यांना किडयो म्हणतात, म्हणजे किडे, हे कळल्यावर दोघांच्या कामाला भलताच वेग आला. थोरलीची कुलकुलं बरी होती. धाकट्याची चपटलेल्या पालींसारखी. आंटींनी सगळी एकाच कढईत सोडली आणि पाकात घोळवताना पाली वर दिसतील अशा ठेवल्या.

त्याच संध्याकाळी सांताला पत्र. थोरलीने मराठीत मजकूर लिहिला, पत्ता इंग्रजीत. धाकट्याला शंका आली, "सांताला कन्नड येतं काय?" कारण पत्र नेणारे पोस्टमन काका कन्नड बोलतात. म्हणून थोरलीने वर शाळेतल्या कन्नड अक्षरांत 'नमस्कार' लिहिलं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आमच्या गावात पाट्यांवरचं एकेक अक्षर मोजलं जातं, आणि या पोरांनी एका कागदावर तीन लिप्या सुखाने नांदवल्या. पत्रावर तिकीट लावायचं राहिलं. ते पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आणि मग ओल्ड मॅन. कॅम्पात ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचा पुतळा, म्हणजे म्हातारा जाळतात, हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. आता घराएवढे उंच करतात, लोक लांबून बघायला येतात. माझ्या लहानपणी साधे असायचे, जुन्या शर्ट-पॅंटीत गवत भरलेले, रस्त्याकडेला खुर्चीत बसलेले. वडील मला स्कूटरवर पुढे उभं करून गल्लोगल्ली फिरवायचे, माझ्या डोक्यावर त्यांची हनुवटी. पण जाळायच्या आधीच परत. गर्दी होते, उद्या ड्युटी आहे, चल. त्यामुळे कॅम्पात वाढूनही मी म्हातारा जळताना कधीही बघितलेला नाही. फटाक्यांचा आवाज तेवढा गादीत पडून ऐकायचा.

गेल्या वर्षी ३१च्या दुपारी पोरांनी ठरवलं, आपलाही म्हातारा करायचा. पिंजर आंटींकडून पोतंभर आलं. कपडे पाहिजेत म्हणून मी माळ्यावरची ट्रंक काढली. डांबरगोळ्यांच्या वासाखाली वडिलांचा निळा चौकड्यांचा शर्ट निघाला, खिशाला शाईचा डाग. त्यांचे सगळे कपडे आम्ही देऊन टाकले होते, हा कसा राहिला कोण जाणे. धाकटा म्हणाला, "हा चालतंय!" मी शर्ट परत घडी घातला आणि माझा एक आणून दिला, इस्त्रीचा, चांगला होता.

म्हातारा व्हरांड्यात खुर्चीत बसला. तोंडाला मडकं, डोक्यावर टोपी. दोघंही दहालाच झोपली. बाराला मी काडेपेटी घेऊन बाहेर गेलो. माझा शर्ट घालून तो बसला होता. थंडी फार होती, आत आलो. जानेवारीभर तो तिथेच होता. दूधवाला अंधारात दोन दिवस त्याला "नमस्कार सर" म्हणाला, आणि उत्तर दिलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी माझ्यावर रागावला.

तर परवा, पेपर हातात धरून, धाकटा पुढे म्हणाला, "आणि ओल्ड मॅन पण बसवायचा."

"बसवायचा?"

"मग? जाळतात काय कोण? दरवर्षी बसवतो की."

मी उठलो. झोप गेलीच होती. शर्ट कुणाचा घालायचा ते अजून ठरलेलं नाही. नाचणी मात्र रात्री भिजत घातली.