पेन ड्राइव्ह असताना केबल कशाला?

"अहो, पेन ड्राइव्हनं पाच मिनिटांत होईल की! त्या खटाऱ्याला नेटवर्कला कशाला जोडत बसता?" जुन्या पीसींनी भरलेलं माझं टेबल पाहिलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. एरवी मी हसून विषय बदलतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

486 या जुन्या प्रोसेसरच्या पीसीला यूएसबी पोर्टच नसतो. त्याच्या पुढच्या पिढीच्या, विंडोज 98 वाल्या पेंटियमला असतो, पण पेन ड्राइव्ह खोचला की तो ड्रायव्हर मागत बसतो. जुनी हार्ड डिस्क काढून ॲडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड बसवता येतं, आणि नुसत्या फाइल्सच काढायच्या असतील तर शहाण्या माणसानं खुशाल तेच करावं. माझं काम तिथे संपत नाही. का, ते पुढे येतं.

आधी केबलचं. यातली गंमत अशी की सगळ्यात जुनी बाजूच सगळ्यात कमी त्रास देते. एनई2000 जातीचं, जुन्या आयएसए खाचेत बसणारं नेटवर्क कार्ड घ्यायचं, त्याचा पत्ता आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) साउंड कार्डाशी भांडणार नाही असा ठेवायचा, डॉसमध्ये पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, चढवायचा. मग मायकेल ब्रुटमन यांच्या एमटीसीपी या नेटवर्क प्रोग्रॅमांच्या मोफत संचातला डीएचसीपी, म्हणजे राउटरकडे पत्ता मागणारा प्रोग्रॅम, चालवायचा. घरातला फायबरचा राउटर त्या 486 ला मोबाइलला देतो तसाच मुकाट्यानं आयपी पत्ता देऊन टाकतो. हा संच 1981 च्या मूळ आयबीएम पीसीवरसुद्धा चालतो. पिळाच्या तारेवरून (आजच्या साध्या नेटवर्क केबलवरून) 10 मेगाबिटचं इथरनेट 1990 मध्ये प्रमाणित झालं आणि आजचे बहुतेक गिगाबिट स्विच अजून तो वेग ओळखतात. 2.5 गिगाबिटच्या काही स्विचांनी मात्र 10 ला रजा दिली आहे, तेव्हा घेण्याआधी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. आणि कार्ड जुन्या बाजारातून घेताना त्याला आरजे45 चं भोक आहे ना ते बघा. नुसतं गोल बीएनसी असेल तर कोॲक्सची (टीव्हीच्या केबलसारखी गोल) केबल, टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर असा सगळा संसार मांडावा लागतो.

पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी नेटवर्कवरची हाक, गेलं, उत्तर आलं. इथवर सगळे मित्र. भांडण फाइल शेअरिंगला सुरू होतं.

विंडोजमध्ये फाइल शेअरिंग चालतं ते एसएमबी या भाषेत, आणि विंडोज 98 ला तिची पहिली आवृत्ती तेवढी येते. पासवर्ड पाठवण्याची त्याची जुनी रीत तर पाहण्यासारखी आहे: सगळी अक्षरं आधी कॅपिटल करायची, सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा वेगळा हॅश (गणितानं काढलेला ठसा) काढायचा. आजच्या कुठल्याही मशीनपुढे हे कुलूप म्हणजे दाराला अडकवलेली सुतळी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर जगभर पसरलं ते मायक्रोसॉफ्टच्या याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून विंडोज 10 मध्ये ती मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली. माझ्या मते योग्यच केलं. "कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एसएमबी1 चालू करा, झालं काम" असा सल्ला देणारे छंदवाले भेटतात. त्यांचं ऐकू नका. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्याचं दार एका छंदापायी उघडं टाकायचं नसतं.

मी मध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, ठेवला आहे. त्यावर सांबा हे एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर चालतं आणि पहिली आवृत्ती चालावी म्हणून त्याची किमान पातळी मुद्दाम खाली आणलेली आहे. विंडोज 98 वालं मशीन फक्त पायशी बोलतं. नवा लॅपटॉप त्याच फोल्डरमधल्या फाइल्स एसएसएच या सुरक्षित, एन्क्रिप्टेड जोडणीवरून उचलतो. पायपासून जुन्या मशीनकडे जाणारी केबल वेगळी आहे आणि तिकडून इंटरनेटकडे वाटच नाही. एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: शेअरचं नाव बारा अक्षरांच्या आत ठेवा, नाहीतर विंडोज 98 ला ते दिसतच नाही आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. फोल्डरला देवनागरी नाव देण्याचा मोहही आवरा.

"मग त्यावर इंटरनेट चालतं का?" हा पुढचा प्रश्न. तुम्हाला हवंय तसं नाही. आजच्या एन्क्रिप्शनचा त्या काळच्या ब्राउझरला पत्ताच नाही. सिरियल पोर्टला लावायचे छोटे वायफाय मोडेम मिळतात, त्यांना एटीडीटी (मोडेमला 'नंबर फिरव' सांगणारी जुनी आज्ञा) म्हणून फोन नंबरऐवजी सर्व्हरचा पत्ता दिला की ते जोडून देतात. ज्यांनी व्हीएसएनएलच्या दिवसांत डायल-अप लावून वाट पाहिली आहे त्यांना यात फार मजा येते, मला थोडी कमी.

आता खरं कारण. माझ्या ओळखीत एक छापखाना होता. त्याचा डीटीपीचा (छपाईची पानं मांडण्याचा) पेंटियम माझ्याकडे आला, त्यात गावातल्या संस्थांच्या स्मरणिका, विशेषांक आणि ढीगभर लग्नपत्रिका आहेत. सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत. या फाइल्स नव्या मशीनवर नेल्या तर एक बाइटही इकडचा तिकडे होत नाही, तरी उघडल्यावर दिसतात त्या टोप्या-टिंबं लावलेल्या रोमन अक्षरांच्या ओळी. कारण त्या फॉन्टांत अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेले असतात अक्षराचे तुकडे. दंड वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, आणि डोळ्याला दिसतात त्या क्रमानं. म्हणजे 'कि' मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. शिवाय प्रत्येक कंपनीची तुकड्यांची यादी निराळी. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार आले की ते अडखळतात, आणि पानाची मांडणी तर जातेच.

ते पान बरोबर दिसतं फक्त त्या पेंटियमवर, कारण तिथे तो फॉन्ट आहे, तो पेजमेकर आहे आणि मागे पॅरलल पोर्टवर त्या मराठी फॉन्टांच्या पॅकेजचं हार्डवेअर लॉक, म्हणजे परवान्याची किल्ली, अजून लावलेलं आहे. ही तिन्ही पेन ड्राइव्हवर येत नाहीत. म्हणून मी फाइल हलवत नाही, छापतो. विंडोज 98 मध्येच ॲपल लेझररायटर या प्रिंटरचा ड्रायव्हर असतो, तो पोस्टस्क्रिप्ट ही पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा बोलतो. प्रिंटर म्हणून समोर असतो पाय. पेजमेकरमधून प्रिंट दिली की पोस्टस्क्रिप्ट केबलवरून पायकडे जातं, तिथे घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम त्याची पीडीएफ करतो आणि ती फोल्डरमध्ये येऊन पडते. रकाने जागच्या जागी, चौकटी, वेलबुट्ट्या, देणगीदारांच्या याद्या सगळ्या शाबूत. फॉन्ट पीडीएफमध्ये बसवायला ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं, तेवढं केलंत की झालं.

त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तर अर्थातच तेच रोमन कडबोळं हातात येतं. म्हणून पुढे पानांच्या प्रतिमा करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचा मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) चालवतो. स्कॅन केलेल्या पिवळ्या कागदापेक्षा हे पान कितीतरी स्वच्छ असतं, त्यामुळे चुका कमी निघतात. स्मरणिका बऱ्याचशा झाल्या आहेत. लग्नपत्रिकांना अजून हात लावलेला नाही, कारण त्यांतली नक्षीदार अक्षरं ओसीआरला झेपत नाहीत आणि ती हातानं टाइप करायचा मला कंटाळा आहे.