नांगर लागंना झाला तेव्हा

गेल्या फाल्गुनात उसाच्या खोडव्याचं रान मोडायला काढलं आणि पहिल्याच तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्याच चरीला, कळलं की यंदा गाडं बिघडलंय. ट्रॅक्टर ओरडत होता, मागची चाकं जागच्या जागी घसरत होती आणि नांगर उसाच्या बुडख्यांवरून नुसता सरकत चालला होता. खाली उतरून तासात हात घातला. वीतभर खोल जायला पाहिजे, तिथं चार बोटं.

आण्णा बांधावरून पाना घेऊनच आले. टॉप लिंक, म्हणजे नांगर ट्रॅक्टरला वरून जोडणारी आट्यांची दांडी, दोन आटे आवळली. "आता बघ." थोडा लागला. शंभर पावलांवर पुन्हा वर.

ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५, आण्णांनी १९७४ साली घेतलेला. नांगर त्याच्याबरोबरचाच, दोन फाळी, पलटी नव्हे. एकाच बाजूला माती टाकणारा, म्हणून रानाच्या मधून सुरुवात करून गोल गोल फिरावं लागतं. गावात आता सगळ्यांकडे पलटी आलेत. शेजारचे तात्या म्हणालेच, "म्युझियममधी दे त्यो, आणि नवा पलटी घे." पण पलटी वजनाला जवळजवळ दुप्पट, आणि आमच्या पस्तीस हॉर्सपॉवरच्या म्हाताऱ्याने तो उचलला की पुढची चाकं जमीन सोडायला बघतात. शिवाय, खरं सांगायचं तर, हा नांगर मला आवडतो.

दुसऱ्या दिवशी नांगर शेडमध्ये आणून कोब्यावर ठेवला आणि टॉप लिंक नीट बघितली. आट्यांचा जो भाग आता आत गेला होता, त्याच्या काठाशी जुन्या गंजाच्या रेघा दिसत होत्या, एकाआड एक. मोजल्यावर उलगडा झाला. आण्णा दरवर्षी दोन-दोन आटे आवळत आले होते. लिंक आखडली की नांगराचं नाक खाली झुकतं, त्यामुळे झिजलेला फाळ वर्षभर पुन्हा मातीत घुसतो. पण नाक खाली म्हणजे टाच वर. टाच वर गेली की बगलपट्टी, म्हणजे नांगराच्या बाजूची लोखंडी पट्टी, तासाच्या भिंतीला धड टेकत नाही आणि नांगर दारू प्यायल्यासारखा इकडेतिकडे जातो. आम्ही दुखणं बरं करत नव्हतो, लपवत होतो. आणि यंदा लपवायला आटेच उरले नव्हते.

फाळ झिजलाय हे डोळ्यांनी दिसतं, पण किती, ते दिसत नाही. त्यासाठी नांगर सपाट ठेवून फाळाच्या नाकापासून बगलपट्टीच्या टाचेपर्यंत सरळ पट्टी धरायची. मधे फट दिसली पाहिजे, पाच-सहा मिलिमीटर तरी. या फटीमुळेच नांगर स्वतःहून खाली ओढला जातो. तशीच एक बारीक फट बाजूनेही हवी, म्हणजे तो तासाच्या भिंतीकडे ओढ घेतो. आमच्या नांगराला खालून वहीचं पान जाईना. नाक झिजून गोल झालेलं, अगदी म्हाताऱ्या बैलाच्या खुरासारखं.

मग मी पहिली चूक केली.

गावातल्या वेल्डरकडे ट्रकच्या कमानीचा तुकडा होता. त्याने तो जुन्या नाकावर ठेवून साध्या रॉडने चिकटवला, गार व्हायच्या आत वर पाणीही ओतलं. दिसायला झकास. दोन गुंठे चालला आणि पहिल्याच दगडाला वेल्डच्या रेघेवरून काचेसारखा तुटला. तुकडा घेऊन मी आमच्या लोहारमामांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, भाता आता बंद, ऐरण अंगणात पडलेली. त्यांनी तुटलेल्या जागेवर नख फिरवलं.

"ह्याला पाणी कुणी दिलं?"

"वेल्डरनं."

"वतलं म्हण. पाणी देणं येगळं."

कमानीचं पोलाद कडक असतं. वेल्डची जागा एकदम गार झाली की ती ठिसूळ होते. करायचंच तर आधी सगळा तुकडा तापवायचा, कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड वापरायचा आणि मग राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून हळूहळू गार होऊ द्यायचा. मामांच्या उमेदीत बैलाच्या नांगराचा फाळ शेवटून, म्हणजे टोक पुन्हा घडवून, देताना ते लोखंडाचा रंग बघून पाणी द्यायचे. गव्हाळ झाला की थांब, निळा दिसला की उशीर झाला. ते रंग मला काही दिसत नाहीत. म्हणून ठरवलं, फाळ नवेच घालायचे.

नवे घालायचे तर जुने काढले पाहिजेत, आणि खरी कुस्ती तिथेच झाली. नांगराच्या बोल्टाचं डोकं फाळात बुडालेलं असतं, त्याखाली चौकोनी मान. ती मान फाळाच्या चौकोनी भोकात बसते, म्हणून नट फिरवताना बोल्ट फिरत नाही. असं पुस्तकात. आमच्याकडे डोकी फाळाबरोबर झिजून गेली होती, माना गोल झाल्या होत्या, आणि पाना लावला की नटाबरोबर आख्खा बोल्ट गरागरा फिरायचा. दोन दिवस डिझेल आणि रॉकेल टाकून भिजत ठेवले. सहापैकी दोन सुटले. बाकीच्या चारांचे नट ग्राइंडरने उभे कापले, छिन्नीने फोडले आणि पंच लावून बोल्ट घणाने मागे ठोकले. गॅस कटर आणायचा मोह झाला होता. पण पंखाचं, म्हणजे माती पलटणाऱ्या वाकड्या पत्र्याचं, पोलाद मुद्दाम कडक केलेलं असतं, त्याच्याजवळ लाल आच लागली तर तेवढ्या जागेचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि माती तिथूनच खायला लागते. म्हणून नाही आणला. संध्याकाळी आण्णा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "मी बसवलेत ते बोल्ट. आवळून बसवलेत." त्यात तक्रार होती की अभिमान, कळलं नाही.

सांगलीला गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीचा?" नांगरावरची पाटी तीन रंगांच्या थरांखाली कधीच गेली होती. घासून बघितली तर अक्षरंही झिजलेली. पण मी जाताना साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर फाळाचा आकार काढून नेला होता, आणि फाळ ज्यावर बसतो त्या नांगराच्या खोडावर पुठ्ठा दाबून भोकांचे ठसे घेतले होते. ही एक गोष्ट मी शहाणपणाने केली. झिजलेल्या फाळावरून माप घेतलं तर झिजलेलंच माप मिळतं. खोड मातीला लागत नाही, त्यामुळे भोकांची जागा तिथे खरी असते.

तिसऱ्या दुकानात बोरॉन पोलादाचे फाळ मिळाले, तीनपैकी दोन भोकं बरोब्बर आणि तिसरं एक सूत सरकलेलं. दुकानदार म्हणाला, गॅसने भोक मोठं करून घ्या. तेच करायचं नव्हतं, कडक केलेल्या फाळाला आच लावली तर जादा पैसे मोजले कशाला? ड्रिल मारून बघितलं, बिटाचं टोकच जळालं. शेवटी बदल खोडात करायचा ठरवला. आधी खोडाच्या एका कोपऱ्याला ड्रिल टेकवून कीस बघितला. भुकटी पडली असती तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि बिडावर वेल्डिंगचा भरवसा नाही. कीस लांब, गुंडाळीसारखा निघाला, म्हणजे पोलाद. मग जुनं भोक ७०१८ ने भरून सपाट केलं आणि नव्या जागी भोक पाडलं. यावेळी वेल्डर तालुक्याचा, आणि पाण्याची बादली मी आधीच लांब ठेवली होती.

बोल्टांनी पण नाचवलं. जुने चार सुती, म्हणजे अर्धा इंची. बाजारात सर्रास मिळतात ते १२ मिलिमीटरचे. फरक एक मिलिमीटरहूनही कमी, हातात धरून कळत नाही. पण तो बोल्ट अर्ध्या इंचाच्या भोकात हलतो, आणि हलणारा बोल्ट तुटतोच. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याकडे चौकोनी मानेचे चार सुती बोल्ट मिळाले, पत्र्याच्या डब्यात तेलात बुडवलेले. लागणार होते सहा, मी बारा घेतले.

बगलपट्टी एकदा उलटून लावता येते, दोन्ही टोकांना भोकं सारखी असतात. आण्णांनी ती कधीच उलटून लावली होती. साध्या जाड पट्टीची नवी करून घेतली. ती लवकर झिजेल हे माहीत आहे, पण ती मी घरी कापू शकतो. पंख मात्र तसेच ठेवले. पुढच्या कडेला कागदासारखे पातळ झालेत, अजून दोन हंगाम काढतील. त्यांच्यावर ठिगळ वेल्ड केलं तर त्या उंचवट्याला काळी माती चिकटते आणि मग माती पलटण्याऐवजी नांगर चिखलाचा गोळा ओढत बसतो.

पंखावर गंज असला तरी तेच होतं. म्हणून नांगर आधी काळ्या रानात नेलाच नाही. वरच्या मुरमाड माळावर अर्धा एकर फिरवला, मुरमाने घासून पंख आरशासारखे झाले. तिथेच पहिल्या अर्ध्या तासात थांबून सगळे नट पुन्हा आवळायचे असतात, कारण नवा फाळ बसायला जागा घेतो. मी तासाभराने थांबलो. एक नट गेला होता. धाकट्याने अख्खा माळ चाळून तो शोधून आणला आणि दहा रुपये घेतले.

राहिली जुळणी. तासातलं उजवं चाक खाली चालतं, डावं वरच्या जमिनीवर. म्हणून शेडमध्ये डाव्या चाकांखाली आठ इंचाचे लाकडी ठोकळे घातले, नांगर कोब्यावर टेकवला आणि नांगर उचलणाऱ्या उजव्या दांडीची मूठ फिरवत फिरवत नांगराचे दांडे कोब्याला समांतर केले. टॉप लिंक आण्णांच्या सगळ्या वर्षांचे आटे उलटे सोडत मूळ जागी आणली. जुन्या गंजाच्या रेघा परत बाहेर आल्या. पट्टी धरली. नाक आणि टाच यांच्यामधे बोटाचं पेर अर्धं जाईल इतकी फट.

खोडव्यात पहिलंच तास वीतभर पडलं. नाक आत घुसलं आणि मग लिव्हरला हात लावायची गरज पडली नाही. बुडखे मुळासकट उलटे होऊन पडत होते.

संध्याकाळी द्राक्षाच्या काट्यावर जुना आणि नवा फाळ तोलला. जुना जवळजवळ निम्मा भरला. आमच्या पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, आणि सुरुवातीला शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला बिचकत, लोखंडाने जमीन नासते म्हणत. मी आण्णांना म्हणालो, बघा, अर्धा फाळ आपल्याच रानात जिरलाय. ते म्हणाले, "मग ऊस का कमी आला का कधी?"

परवा बघतो तर ते पाना घेऊन टॉप लिंकपाशी उभे. मी तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवलीय, आटे तिच्याबाहेर गेले की लगेच दिसतं. त्यांनी रेघ बघितली, मला बघितलं, आणि नुसतं ग्रीस लावलं.